चुकलेल्या नऊ भेटी: कॅलिफोर्नियातल्या एका फॉस्टर केअर प्रकरणाचा अभ्यास

फाइलमध्ये आईबद्दलचं एक वाक्य तीन वेगवेगळ्या कागदांवर जसंच्या तसं होतं: ‘मुलांच्या भेटींना आई अनियमित.’ सोशल वर्करच्या अहवालात होतं, मुलांना तात्पुरतं सांभाळणाऱ्या फॉस्टर पालकांनी भरलेल्या फॉर्ममध्ये होतं आणि आई-मुलांच्या भेटी जिथे होतात त्या भेटकेंद्राच्या एका टिपणातही होतं. न्यायालयाने या मुलांसाठी नेमलेली स्वयंसेवक म्हणून मी ते वाचलं, खरं मानलं आणि माझ्या पहिल्या अहवालाच्या मसुद्यात चौथ्यांदा लिहिलं. या प्रकरणात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती. पुढचा बराचसा मजकूर त्या एका वाक्याचा माग काढण्यातच जाणार आहे.

मुलं दोन. भाऊ नऊ वर्षांचा, बहीण पाच. ठिकाण सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, आपली मराठी माणसं ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखतात त्या भागातलं. बाल न्यायालयाचे कागद कॅलिफोर्नियात गोपनीय असतात. त्यामुळे इथे नावं नाहीत, साल नाही, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी तिथे कोण होते

अमेरिकेत अत्याचार किंवा दुर्लक्षामुळे मूल आईवडिलांकडून काढून घेतलं की त्याच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी न्यायालयाकडे जाते आणि मूल नातेवाइकांकडे किंवा फॉस्टर कुटुंबात ठेवलं जातं. महाराष्ट्रात याला प्रतिपालकत्व म्हणतात, पण आपल्याकडे त्याचा वापर फार थोडा. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत कोणत्याही एका दिवशी तीन-चार लाखांच्या घरात मुलं फॉस्टर केअरमध्ये असतात. सुनावणीला काउंटीचा वकील असतो, आईचा वेगळा, वडिलांचा वेगळा, मुलांचा वेगळा, शिवाय सोशल वर्कर. माणसं कामाची असतात, पण प्रत्येकाच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो आणि वर्षभरात सोशल वर्कर दोनदा बदलणं नेहमीचं.

या सगळ्यांत एका वेळी एकाच मुलाकडे, किंवा एकाच घरातल्या भावंडांकडे, बघणारा माणूस म्हणजे ‘कासा’. कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट या लांबलचक नावाचं हे लघुरूप. नावात अ‍ॅडव्होकेट असलं तरी हा वकील नसतो. सामान्य नागरिक असतो, पगार नसतो. १९७४ च्या एका केंद्रीय कायद्याने राज्यांना केंद्राच्या निधीसाठी अट घातली होती की असा खटला न्यायालयात गेला तर मुलाच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे. १९७७ साली सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ते ‘कुणीतरी’ म्हणून प्रशिक्षित स्वयंसेवक आणायला सुरुवात केली, कारण समोरच्या मुलाबद्दल पुरेसं कळलेलं नसताना त्याच्या आयुष्याचा निर्णय देणं त्यांना झोप लागू देत नव्हतं. पुढे ही पद्धत देशभर पसरली.

कॅलिफोर्नियात कासा होण्यासाठी वय किमान २१ लागतं, पार्श्वभूमी तपासली जाते, किमान ३० तासांचं प्रशिक्षण होतं, आणि मग न्यायाधीशांसमोर शपथ. त्यानंतर नेमणुकीचा जो आदेश हातात पडतो त्याच्या जोरावर शाळेत जाऊन हजेरीपट मागता येतो, डॉक्टरांशी बोलता येतं, फॉस्टर घरी जाता येतं. काय करायचं नाही याची यादीही तितकीच ठाम. मुलाला स्वतःच्या घरी न्यायचं नाही. पैसे किंवा महागडी भेटवस्तू द्यायची नाही. कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, समुपदेशन करायचं नाही, मुलाला कुठे ठेवायचं याची व्यवस्था आपण लावायची नाही. पाहायचं, विचारायचं आणि लिहून न्यायाधीशांपुढे ठेवायचं.

पहिल्या दिवाळीत धाकटीने मला विचारलं होतं, तुझ्या घरी दिवे लावतात ते आम्ही बघायला येऊ का? नाही म्हणताना माझी जीभ जड झाली. नियम बरोबर आहे. ज्या मुलांना वर्षभरात तीन घरं बदलावी लागली त्यांना चौथ्या घराची आशा दाखवायची नसते. तरी ते ‘नाही’ अजून आठवतं.

काय घडलं होतं

एका रात्री मोटेलच्या खोलीत ही दोन मुलं एकटी सापडली. शेजारच्या खोलीतल्या माणसाने फोन केला, पोलीस आले, आई पहाटे परतली. तिला मेथअ‍ॅम्फेटामिनचं व्यसन होतं. मारहाणीची खूण नव्हती, पण दुर्लक्ष उघड होतं, आणि धाकटीचे दात इतके किडलेले होते की तिला एका बाजूनेच चावता येई. वडील काही वर्षांपासून संपर्कात नव्हते. न्यायालयाने नोटीस काढली, उत्तर आलं नाही. मुलं ताब्यात घेतल्यावर ४८ तासांत काउंटीने अर्ज दाखल करायचा आणि कोर्टाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी पहिली सुनावणी व्हायची, असा कायदा आहे. इथे ते सगळं वेळेत झालं.

पहिले काही दिवस मुलं आणीबाणीच्या घरात. मग दोन महिने दोघं वेगवेगळ्या गावांत. तिसऱ्या वेळी एका जोडप्याने दोघांना एकत्र घेतलं. मी नेमले गेले तेव्हा मुलं या तिसऱ्या घरात नुकती रुळत होती आणि आईपासून दूर होऊन चार महिने झाले होते.

त्या घराबद्दल मला मनापासून चांगलंच लिहायचं आहे. फॉस्टर आई रात्री दोघांना वाचून दाखवायची. तिने दातांच्या डॉक्टरकडे अकरा फेऱ्या मारल्या. मुलाचा दमा दोन वर्षं कुणी धड पाहिला नव्हता. तिने पंप कधी, किती, याचा तक्ता भिंतीवर लावला. मागे अंगण होतं आणि एक म्हातारा, संथ, पिवळसर कुत्रा होता. तो मुलाच्या पायाशी झोपायचा. हे जोडपं मुलांना दत्तक घ्यायला तयार होतं. यात आईविरुद्ध कट वगैरे काही नव्हता. इथे कायद्यानेच दोन वाटा एकाच वेळी आखून ठेवतात. एकीकडे आईला मुलं परत मिळावीत म्हणून उपचार, वर्ग, मदत. दुसरीकडे ते जमलं नाही तर कायमचं घर. घड्याळही चालू असतं. १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, तर काही अपवाद सोडता, राज्याने पालकांचे हक्क संपवण्यासाठी अर्ज करायचा असतो.

पाहिलंस की वाचलंस?

सहा महिन्यांच्या सुनावणीसाठी मी पाच पानांचा मसुदा लिहिला. साडेतीन पानं फॉस्टर घराबद्दल होती. अर्धं पान आईबद्दल, आणि त्यात ते वाक्य.

प्रत्येक स्वयंसेवकाच्या वर कार्यक्रमाचा एक पर्यवेक्षक असतो, तो मसुदा तपासतो. माझी पर्यवेक्षक या कामात वीस वर्षं घालवलेली बाई. तिने त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: हे तू पाहिलंस की वाचलंस?

मी एकही भेट पाहिली नव्हती. आईला एकदा कोर्टाच्या बाकावर दहा मिनिटं भेटले होते. तिने मला विचारलं होतं, ‘जजसमोर मी काय बोलू?’ मी नियमानुसार तिला तिच्या वकिलाकडे पाठवलं होतं आणि सुटल्यासारखं वाटलं होतं. वाक्य मी काढलं, पण अहवालाचा कल तोच राहिला. न्यायालयाने आईला मिळणाऱ्या सेवा (उपचार, वर्ग, मदत) पुढे चालू ठेवल्या, आणि मी घरी येऊन एक कोरी वही काढली.

वही

भेटकेंद्राकडे प्रत्येक भेटीची नोंद असते: तारीख, कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, झाली नाही तर का. ती कुणी मागितली नव्हती. मला मिळायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले.

सहा महिन्यांत २६ भेटी ठरल्या होत्या. १७ झाल्या, ९ झाल्या नाहीत. नऊ हा आकडा वाईटच दिसतो. मग मी एकेक तारीख घेऊन बसले. चार वेळा मुलांना आणणारा गाडीचालक किंवा भेटीवर नजर ठेवणारी कर्मचारी उपलब्ध नव्हती. एकदा मुलाला ताप होता. एकदा फॉस्टर कुटुंब आधी परवानगी घेऊन सुट्टीवर गेलं होतं आणि ती भेट भरून काढायची राहिली. उरल्या तीन. त्यातल्या एका दिवशी आई आलीच नाही, कळवलंही नाही. ती सुरुवातीच्या आठवड्यांतली, उपचारकेंद्रात जाण्याआधीची. बाकी दोन वेळा ती आली होती, पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशिरा, आणि केंद्राच्या नियमानुसार उशीर म्हणजे भेट रद्द. मुलांना तोवर परत पाठवलेलं असायचं.

ती उशिरा का आली हे कागदावर कुठेच नव्हतं. उपचारकेंद्रातून बाहेर पडल्यावर तिच्याकडे राहायला जागा नव्हती. या भागातली घरभाडी इथे राहणाऱ्या मराठी वाचकांना वेगळी सांगायला नकोत. दोन-दोन पगार असलेली कुटुंबंही खिंडीपलीकडे सेंट्रल व्हॅलीत राहायला जातात. तीही गेली, आपल्या मावशीकडे. टोमॅटोवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात तिला हंगामी काम मिळालं, रात्रपाळीचं. रात्रपाळी संपवून ती पहाटेची बस पकडायची, पाचेको खिंड ओलांडून गिलरॉयला उतरायची, तिथून दुसरी बस. त्या खिंडीतून दिवसाला मोजक्याच बसेस सुटतात. एक चुकली की दिवस गेला.

एकदा मी तोच प्रवास माझ्या गाडीने, पण तिच्याच वेळेला केला. डावीकडे सॅन लुईस जलाशय, डोंगर उन्हाने वाळून पिवळे, आणि घाटात मालट्रकच्या मागे अडकलेली रांग. मला गाडीत बसून दीड तास लागला. तिला तीन ते साडेतीन.

आता हे सगळं निव्वळ सहानुभूतीचं नव्हतं, कायद्याच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचं होतं. कॅलिफोर्नियात बारा महिन्यांच्या सुनावणीला आईला आणखी सहा महिने द्यायचे असतील तर न्यायाधीशांना काही गोष्टी ठरवाव्या लागतात. त्यातली पहिलीच: पालकाने मुलांशी सातत्याने आणि नियमित संपर्क ठेवला का? शिवाय काउंटीने पालकाला पुरेशी, वाजवी मदत दिली की नाही हेही पाहायचं असतं. ‘अनियमित’ हा एक शब्द पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकत होता आणि दुसरा प्रश्न झाकत होता. गाडीचालक किंवा कर्मचारी न मिळाल्यामुळे बुडालेल्या चार भेटी आईच्या खात्यावर लागल्या होत्या.

कुणी खोटं लिहिलं होतं असं मला वाटत नाही. पहिल्या सोशल वर्करने पहिल्या महिन्यात लिहिलं तेव्हा ते खरंच होतं. दुसरी आली, तिने जुना अहवाल उघडून त्यावर नवीन तारीख घातली. फॉस्टर आईला एवढंच दिसत होतं की मुलं तयार होऊन बसतात आणि भेट होत नाही. तिचा राग मुलांसाठी होता.

बूट

मग मी भेटी पाहायला लागले. सलग सहा.

फाइलमध्ये दुसरं एक वाक्य होतं: ‘भेटीनंतर मुलाचं वागणं बिघडतं.’ हेही खरं होतं. परतीच्या गाडीत तो सीटला लाथा मारायचा, रात्री जेवायचा नाही, एकदा बहिणीला ढकललं. यावरून कुणीतरी सुचवलं होतं की भेटी आठवड्याऐवजी पंधरवड्याने कराव्यात.

पहिल्या भेटीत आईने डब्यात भात आणि घेवडा आणला होता. मुलगा जेवला, दाताचा किस्सा सांगितला, हसला. भेट संपायला वीस मिनिटं असताना तो उठला, कोपऱ्यात गेला आणि बूट घालायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. लेस दोन-दोनदा बांधली आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या भेटीत तेच, तिसऱ्या भेटीतही. केंद्रातली बाई ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणायच्या आत तो निघायला तयार असायचा. त्याला कुणी उठवायला नको होतं. त्याने स्वतःच आधी उठायचं ठरवलं होतं.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, त्यामुळे अहवालात अर्थ लावला नाही. फक्त सहा तारखा लिहिल्या, प्रत्येक वेळी बूट किती वाजता घातले ते लिहिलं, आणि विनंती केली की मुलाच्या थेरपिस्टने एक भेट प्रत्यक्ष पाहावी. तिने पाहिली. तिचं मत आलं की मुलाला त्रास आईला भेटण्याचा होत नाही, निरोपाचा होतो. भेटी कमी करण्याऐवजी लांब कराव्यात, आणि पुढची भेट कधी हे मुलाला निघण्याआधी कॅलेंडरवर दाखवावं. कॅलेंडरचं काम फॉस्टर आईने त्याच आठवड्यात केलं.

कुत्रा

एवढं होऊनही माझं मन कुठे झुकत होतं ते सांगायला हवं. मला वाटत होतं मुलांनी त्याच घरात राहावं. शाळा चांगली, दात नीट झालेले, दमा आटोक्यात, अंगण. पलीकडे मावशीचं दोन बेडरूमचं घर आणि हंगामी नोकरी. कुणीही शहाणा माणूस काय निवडेल?

दहाव्या महिन्यात मी मुलाला शाळेनंतर बागेत घेऊन गेले होते. झोपाळ्यावर बसून, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, ‘मम्मीकडे कुत्रा नाही म्हणून आम्हाला जाता येत नाही का?’

मी म्हटलं, तसं तुला कुणी सांगितलं? म्हणाला, कुणी नाही. सगळे मला विचारतात ना, तिकडे काय काय आवडतं. मी कुत्रा म्हणतो. मग ते लिहून घेतात.

लिहून घेणाऱ्यांत मीही होते.

त्या रात्री मला माझं कल्याणचं घर आठवलं. दोन खोल्या, पाच माणसं, अभ्यास जिन्यात. माझ्या काकांचा नाशिकला बंगला होता, मागे पेरूची झाडं होती, काकू प्रेमळ होती आणि त्यांना मूल नव्हतं. दोन घरं शेजारी ठेवून तुलना केली असती तर मी नाशिकला गेले असते आणि त्या निर्णयावर सगळ्यांनी समाधानाने सही केली असती. माझ्या आईच्या हातून मला नेण्याचा अधिकार मात्र कुणालाच नव्हता, कारण मी तिच्याकडे सुरक्षित होते. बस, एवढंच.

कायदाही एवढंच विचारतो. मूल आईकडे परत दिल्याने त्याच्या सुरक्षिततेला, त्याच्या शरीर-मनाला हानीचा मोठा धोका आहे का? धोका आहे हे सिद्ध करायची जबाबदारी काउंटीची. फॉस्टर घर किती छान आहे हा मुद्दा त्या प्रश्नात येतच नाही. हे प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं होतं आणि मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. माझ्या साडेतीन पानांनी मात्र वेगळाच प्रश्न सोडवला होता.

आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं तत्त्व लिहिलेलं आहे, तरी केवळ घरात दोन वेळचं जेवण निघत नाही म्हणून आईवडील स्वतःच्या हाताने मुलांना वसतिगृहात किंवा बालगृहात सोडून येतात आणि आपण म्हणतो, चला, मुलांचं भलं झालं. बालसंगोपन योजनेसारखी मदत घरापर्यंत पोचणं म्हणूनच मोलाचं. गरिबी आणि धोका या दोन गोष्टी आपल्या नजरेत फार पटकन एक होतात.

बारावा महिना

दुसरा अहवाल सात पानांचा झाला. भेटींचा तक्ता पहिल्याच पानावर. फॉस्टर घराबद्दल मी एक परिच्छेदही कमी केला नाही, पण तो मुलांच्या तब्येतीखाली टाकला. मुलाची इच्छा त्याच्याच शब्दांत दिली: ‘मम्मीकडे जायचं आहे आणि कुत्र्याला भेटायचं आहे.’ कासाने स्वतःला काय योग्य वाटतं ते लिहायचं असतं, पण मुलाला काय हवं आहे ते लपवायचं नसतं. दोन्ही जुळत नसले तरी दोन्ही लिहायचं.

शिफारशी चार होत्या: आईला आणखी सहा महिने; भेटींची जागा गिलरॉयच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडून निम्म्यावर; तिला प्रवासखर्च; आणि टप्प्याटप्प्याने देखरेखीशिवाय भेटी. सोशल वर्करची शिफारस वेगळी होती, सेवा थांबवून दत्तकाच्या दिशेने जाण्याची. तिने तक्ता पाहिल्यावर त्या चारही भेटी काउंटीच्या बाजूने बुडाल्याचं सुनावणीत मान्य केलं. हे तिच्यासाठी सोपं नव्हतं आणि तिने ते केलं, याबद्दल मला आदर आहे. आईच्या वकिलाने उपचारकेंद्राची प्रमाणपत्रं आणि लघवी तपासणीचे निकाल ठेवले. न्यायाधीशांनी सहा महिने वाढवले.

बाहेर फॉस्टर आई बाकावर बसून रडत होती. मी तिच्या शेजारी बसले, बोलायला काही नव्हतं. ती म्हणाली, ‘माझ्या घरात काय कमी होतं?’ मी म्हटलं, काहीच नाही.

चौदावा महिना

मग आई घसरली. टोमॅटोचा हंगाम संपला होता, काम नव्हतं, आणि एका शनिवारी तिने पुन्हा मेथ घेतलं.

सोमवारी सकाळी तिने स्वतः सोशल वर्करला फोन करून सांगितलं; त्या आठवड्यात तिची तपासणी ठरलेलीही नव्हती. देखरेखीशिवायच्या भेटी लगेच बंद झाल्या, मुलाने पुन्हा बूट घालायला सुरुवात केली, आणि मला वाटलं मी दोन मुलांना खोट्या आशेच्या मागे लावलं. चार-पाच रात्री नीट झोप नव्हती. पर्यवेक्षक म्हणाली, जे झालं ते सगळं लिही, फोन तिने केला तेही लिही, आणि मुलं त्या शनिवारी कुठे होती तेही लिही. मुलं त्या शनिवारी फॉस्टर घरी होती. तिची भेट रविवारी होती आणि ती तिने आदल्या रात्रीच, आजारी असल्याचं सांगून, रद्द केली होती. तिचं सांगणं खोटं होतं, हेही मी लिहिलं.

या कामात कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं वाटायला लागतं आणि मग तिच्या विरोधातली गोष्ट लिहिताना हात थांबतो. थांबलेला तो हात मला त्या अहवालात दिसला. मी तो परिच्छेद तीनदा लिहिला, शेवटी तारखांपुरता ठेवला.

आईने बाह्यरुग्ण उपचार पुन्हा सुरू केले, मावशी तिच्यासोबत गटाच्या बैठकीला जाऊ लागली, आणि घरात ठरलं की आईचा तोल गेला असं वाटलं तर मुलं त्याच क्षणी मावशीच्या खोलीत आणि फोन सोशल वर्करला. हे कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन झालं. सतराव्या महिन्यापर्यंतच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. दरम्यान मुलं तीन शनिवार-रविवार तिकडे राहून आली.

अठरा महिन्यांच्या सुनावणीला न्यायाधीशांनी मुलं आईकडे परत दिली, देखरेख चालू ठेवून.

शेवटची भेट

आई दुसऱ्या काउंटीत राहत असल्याने प्रकरण तिकडे वर्ग झालं आणि माझी नेमणूक संपली. टिपणं आणि कागद कार्यक्रमाच्या ऑफिसात जमा करायचे होते. त्याआधी परवानगी घेऊन एकदा मावशीच्या घरी गेले.

मुलगा नव्या शाळेतून यायचा होता. भिंतीवर तेच कॅलेंडर होतं, दर महिन्यातल्या एका रविवारी पेन्सिलने कुत्र्याचं चित्र. त्या दिवशी फॉस्टर आई कुत्र्याला गाडीत घालून गिलरॉयपर्यंत आणते. हे कुणी आदेशात लिहिलेलं नाही, दोघींनी आपसात ठरवलं.

फ्रिजवर दोन पानं चिकटवलेली होती, फॉस्टर आईच्या गोल अक्षरातली. पंप सकाळी आणि रात्री किती वेळा. धाकटीला दूध कोमट लागतं. शाळेची बॅग आदल्या रात्री भरून ठेवावी. अनोळखी घरात ती अंथरूण ओलं करते, रागावू नये. झोपताना दिवा चालू ठेवावा.

शेवटच्या ओळीवर निळ्या पेनाने काट मारलेली होती आणि शेजारी आईने लिहिलं होतं: आता लागत नाही.